मुरलेलं चामडं

१३ जानेवारी, शनिवार

आज लिलावात खुर्ची घेतली. ऐंशी पौंड, वर लिलाववाल्यांचं कमिशन. माझ्याखेरीज कुणी बोलीच लावली नाही, कारण बैठकीतून एक स्प्रिंग वर आलेली आहे आणि पाठीच्या मागच्या बाजूला बोट लावलं की विटकरी भुकटी लागते. पण तिचे हात! पुढच्या गोलाईवर, जिथे बसणाऱ्याची बोटं वळून खाली जातात, तिथे चामडं जवळजवळ काळं झालंय. ते काळं मेलेलं नाही, काळ्या कुळथाच्या कढणासारखं खोल आहे. तिथून मागे येताना तपकिरी, मग तांबूस, आणि कोपर टेकतं तिथे पुन्हा गडद. मूळ रंग कोणता होता ते बटणांच्या खाचांत डोकावल्यावरच कळतं: हिरवा. सव्वाशे वर्षांहून जास्त उजेड खाऊन हिरव्याचा हा तपकिरी झाला.

यांनी ती गाडीत चढवताना एवढंच विचारलं, "बसता येईल ना हिच्यावर?" मी म्हटलं, येईल.

आम्ही राहतो ते हाय विकम हे खुर्च्यांचंच गाव. आजूबाजूच्या चिल्टर्न टेकड्यांवरच्या बीचच्या रानात कारागीर झोपड्या घालून पायाने चालवायच्या लेथवर खुर्च्यांचे पाय कातत आणि गावातल्या कारखान्यांना पुरवत. १८७७ मध्ये राणी व्हिक्टोरिया इथून गेली तेव्हा गावकऱ्यांनी रस्त्यावर खुर्च्यांची कमान उभारली होती. फुटबॉलच्या संघाला लोक अजून 'चेअरबॉइज' म्हणतात. इतकी वर्षं इथे राहून मी एकही जुनी खुर्ची घेतली नव्हती, याचं आज वाईट वाटलं.

१४ जानेवारी, रविवार

मोठी चूक केली. लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही.

सकाळी पाठीवरची भुकटी पुसावी म्हणून फडकं ओलं केलं, चांगलं पिळून घेतलं आणि एका कोपऱ्यावरून फिरवलं. डोळ्यांदेखत तो तळहाताएवढा तुकडा काळाठिक्कर पडला. वाळल्यावर रंग परतेल असं वाटलं. दुपारपर्यंत तो वाळून पत्र्यासारखा ताठ झाला, आणि काळा तो काळाच राहिला. कुजायला लागलेल्या जुन्या चामड्याला पाणी विषासारखं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि एवढी हौस होती तर ठाऊक करून घ्यायला हवं होतं.

उद्या संक्रांत. तीळ भाजायचे राहिलेत. हात चालत नाहीत.

२० जानेवारी, शनिवार

शनिवारच्या अपहोल्स्ट्रीच्या वर्गात खुर्ची नेली. आमच्या बाईंनी चाळीस वर्षं हेच काम केलंय. काळा तुकडा पाहून त्या रागावल्या नाहीत. "हे आता हिच्या आयुष्यातलंच एक झालं," म्हणाल्या, आणि मग खुर्ची टेबलावर आडवी करून वाचायला लागल्या. वाचायलाच म्हणते, दुसरा शब्द नाही.

पाय महोगनीचे, म्हणजे दिसणारे तेवढेच महोगनीचे. आतला सांगाडा बीचचा, त्याला किडीची बारीक भोकं. पायांना पितळी चाकं, पट्टीवर 'कोप अँड कॉलिन्सन पेटंट' असा ठसा. बैठकीत कॉइल स्प्रिंगा, तेव्हा खुर्ची १८२८ नंतरची, कारण त्याच वर्षी लंडनच्या सॅम्युअल प्रॅटने गाद्या आणि बैठकांच्या स्प्रिंगांचं पेटंट घेतलं. चामडं बकरीचं, मोरोक्को म्हणतात ते. त्याचा बारीक खडबडीत दाणा भिंगातून तळहाताच्या रेषांसारखा दिसतो. सगळं जमेस धरून बाई म्हणाल्या, १८८०च्या आसपासची.

मग त्यांनी चौकटीच्या खालच्या कडेची भोकं दाखवली. चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची भोकं. गादी नव्याने चढवायची तर जुन्या चुका उपटतात, नव्या बाजूला ठोकतात, म्हणून भोकांच्या ओळी मोजल्या की खुर्ची किती वेळा उघडली ते कळतं. बैठकीच्या कडेला तीन ओळी, हात आणि पाठ यांना एकच. बैठक दोनदा बदलली, पण हातांना आणि पाठीला कुणी सुरी लावली नाही. ज्या काळ्या रंगावर मी भाळले तो पहिल्या दिवसापासूनचा आहे!

मी विचारलं, स्वच्छ किती करायची? त्या म्हणाल्या, आधी मळ, झीज आणि मोडतोड वेगळी ओळखायला शिक. मळ वर बसलेला असतो, तो मऊ कोरड्या ब्रशने निघतो. मोडतोड थांबवायची. झिजेला मात्र हात लावायचा नाही. अडचण अशी की हातांवरचं ते काळं म्हणजे मळ आणि झीज एकजीव झालेली. घाम, त्वचेचं तेल, धूर आणि उजेड मिळून झालेलं. धुऊन काढलंत तर खाली नवी खुर्ची मिळत नाही, भुंडी खुर्ची मिळते.

३ फेब्रुवारी, शनिवार

बैठक उघडली. पटाशी आणि लाकडी हातोडीने एकेक चूक उपटताना तीन तास गेले. वरचं बैठकीचं चामडं अलीकडचं, गाईचं, निर्जीव. ते काढताना काही वाटलं नाही. त्याखाली मांजरपाट. मांजरपाटाखाली घोड्याचे केस, काळे, कुरळे. हे केस आधी दोरासारखे पिळतात, वाफवतात आणि मग पिळ उलगडतात, म्हणजे त्यांचा कुरळेपणा कायम राहतो आणि ते दाबल्यावर उसळी घेतात. ते नुसते धुऊन, पिंजून पुन्हा वापरायचे. इतकी वर्षं माणसांची वजनं सोसून ते अजून जिवंत आहेत.

केसांखाली तरट. तरट उचललं आणि मी थबकले. काथ्या! इथले कारागीर त्याला 'जिंजर फायबर' म्हणतात, आल्याच्या रंगाचा म्हणून. मला नाव सांगावं लागलं नाही. मी मूठभर उचलून नाकाशी नेला. वास उरला नव्हता, धुळीचा तेवढा होता, तरी माझं मन वेंगुर्ल्याच्या खाडीकाठी सोडणं कुजत घालतात तिथे जाऊन उभं राहिलं. आमच्याकडे बायका आजही काथ्याचं काम करतात. हा काथ्या बहुधा मलबार नाहीतर सिंहलाचा. वरचं तरट डंडीत विणलेलं असेल, पण त्याचा ताग बंगालचा, कारण डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागावरच उभ्या राहिल्या. इंग्लिश क्लबातला कुणी गृहस्थ या खुर्चीवर पाय पसरून वर्तमानपत्र वाचत असेल, तेव्हा त्याच्याखाली आमचा अर्धा किनारा अंथरलेला होता.

बाईंना सांगितलं. त्यांनी काथ्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "मग तुला हे भरायला मी शिकवायला नको." त्या हसत नव्हत्या.

४ फेब्रुवारी, रविवार

आईशी फोनवर बोलले. खुर्चीचा फोटो आधीच पाठवला होता. "ह्यां काय हाडलंस गे घरात? नव्या खुर्चयेक पैशे नाय होते?" मग जरा थांबून म्हणाली, आजोबांच्या आरामखुर्चीसारखी वाटते.

खरं आहे. आजोबांच्या आरामखुर्चीच्या कापडावर डोक्याच्या जागी खोबरेल तेलाचा तसाच ढग होता. आजी दर पावसाळ्याआधी ते कापड सोड्यात उकळायची आणि ढग दर हिवाळ्यापर्यंत परत यायचा. आजोबा गेल्यावर तिने ते कापड उकळलं नाही. माझ्या खुर्चीच्या पाठीवर डोक्याच्या जागी आहे तो ढगही तेलाचाच. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पुरुषांच्या डोक्यावर मॅकॅसर तेल थापलेलं असे, म्हणून तर खुर्चीच्या पाठीवर अंथरायच्या विणलेल्या रुमालाचं नाव 'अँटिमॅकॅसर' पडलं. माझ्या खुर्चीच्या घरात तो रुमाल नसावा, किंवा बसणारा तो सारखा बाजूला सारत असावा. मला तो बाजूला सारणारा माणूस आवडला.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पॅटिनाला, म्हणजे वापराने आणि काळाने चढलेल्या या रंगाला, मराठीत काय म्हणावं, हे आठवडाभर डोक्यात आहे. 'झिलई' नाही, झिलई वरून देतात. 'तकाकी' नुसती चमक. 'घोटीव' जवळचा आहे, पण त्यात घोटणाऱ्याचा हेतू येतो, आणि या काळ्या रंगात कुणाचाच हेतू नाही. मग 'मुरणं' आठवलं. लोणचं मुरतं, दही मुरतं, माणूस एखाद्या कामात मुरतो. मुरण्याला दोन गोष्टी लागतात, एकमेकींत शिरणाऱ्या, आणि मधे वेळ. बाबांच्या कोल्हापुरी चपलांवर अंगठ्याची आणि चार बोटांची जागा खोल, काळपट, गुळगुळीत झाली होती. त्या चपला दुसऱ्या कुणाला घालताच येत नसत. तेही मुरणंच.

आणि कोल्हापुरी चप्पल काय, ही खुर्ची काय, दोन्ही कमावल्या जातात त्या झाडपाल्यावर. चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात. इंग्लंडचं जाड चामडं ओकच्या सालीत. डेव्हनमधल्या कॉलिटन गावात अजून एक कारखाना तसं करतो, कातडी वर्षभराहून जास्त काळ कुंडात ठेवून. बकरीचं मोरोक्को सुमाक नावाच्या झुडपाच्या पाल्यात. झाडाच्या कसाने कमावलेल्या चामड्यालाच असा रंग धरता येतो, ते उजेडाने गडद होतं, तेल पितं. आजची बहुतेक चामडी क्रोमियमच्या क्षारांनी काही तासांत नाहीतर दिवसभरात कमावतात आणि वर रंगाचा प्लास्टिकसारखा थर देतात. त्यावर शंभर वर्षं बसा, काही मुरणार नाही, थर तेवढा सोलून निघेल.

कातडी कमावण्याच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात आज हिरड्याच्या बाजारातल्या जातींची नावं सापडली. भिमलीज, जबलपूर्स, राजपूर्स, आणि चौथं नाव: विंगोर्लाज. मी ते तीनदा वाचलं. वेंगुर्ला! आमच्या बंदरातून सह्याद्रीचा हिरडा इतका येत असे की इंग्लंडच्या कुंडांवर काम करणारे त्याला बंदराच्या नावाने ओळखत. आजी खोकल्याला उगाळून द्यायची तो हिरडा. त्याने कमावलेल्या चामड्यावर फिकट पिवळसर फुलोरा येतो, असंही पुस्तकात आहे. वेंगुर्ल्याची शाळा, वेंगुर्ल्याचे आंबे आणि दीपस्तंभ मला पाठ होते; हे कुणी सांगितलं नव्हतं.

१ मार्च, शुक्रवार

पहाटेच्या गाडीने लंडन. बर्मंडसीचा जुन्या वस्तूंचा बाजार शुक्रवारी सकाळी भरतो. जुनी चाकं मिळतात का पाहायला गेले, एकाचं पितळ फुटलंय. एक जोडी मिळाली.

या बाजाराला एकेकाळी एक विचित्र कायदा लागू होता: सूर्योदय ते सूर्यास्त या वेळात तिथे विकत घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच. १९९४च्या कायद्याने ते संपलं. पण मला बाजारापेक्षा आजूबाजूचे रस्ते पाहायचे होते. टॅनर स्ट्रीट. मोरोक्को स्ट्रीट. लेदरमार्केट स्ट्रीट. वेस्टन स्ट्रीटवर १८७८ची चामड्याच्या व्यापाराची इमारत अजून उभी आहे, दर्शनी भागावर कातडी कमावणारी माणसं कोरलेली. इंग्लंडचं कितीतरी चामडं इथे कमावलं गेलं, नदीच्या दक्षिणेला, श्रीमंत लंडनपासून दूर, कारण वास.

तो वास कशाचा होता ते हेन्री मेह्यूने १८५१च्या सुमारास लंडनच्या गरिबांवर लिहिलं त्यात आहे. मऊ चामड्यासाठी कातडी कुत्र्याच्या विष्ठेत भिजवत. ती रस्त्यांवरून गोळा करून कारखान्यांना बादलीच्या भावाने विकणारी माणसं होती, त्यांत म्हाताऱ्या बायकाही. त्या मालाला 'प्युअर' म्हणत, शुद्ध करतो म्हणून. बकरीच्या मोरोक्को चामड्याला तोच लागे.

मोरोक्को स्ट्रीटच्या कोपऱ्यावर बराच वेळ उभी राहिले. आमच्या गावात कातडी कमावणाऱ्यांची घरं गावाबाहेर होती. त्यांच्या चपला आमच्या उंबऱ्यापर्यंत यायच्या, ती माणसं उंबऱ्यापर्यंतही नाही. चामड्याला हात लावला म्हणून माणसाला बाटलेलं ठरवायचं आणि त्याच चामड्यावर पाय ठेवून चालायचं, हे मी लहानपणी पाहिलंय आणि त्यावर एक शब्द बोलले नव्हते. खुर्चीच्या हातावरच्या काळ्या रंगाबद्दल बोलताना लोक बसणाऱ्याचा विचार करतात, त्या सभ्य गृहस्थाचा, त्याच्या चिरुटाचा. मीही केला. त्या चामड्यावर पहिले हात त्याचे नव्हते. कुंडात कोपरापर्यंत बुडालेले ते हात होते, आणि त्याआधी पहाटे बादली घेऊन फिरणाऱ्या म्हातारीचे. इतके दिवस मी हात फिरवला तो सगळ्यात वरच्या थरावर.

१० मार्च, रविवार

एका दुकानात 'जुन्या' क्लब खुर्च्यांची ओळ पाहिली. सगळ्यांवर एकसारखी झीज. उंचवटे फिकट, खाचा गडद. रंगाचे दोन थर देऊन वरचा उंचवट्यांवरून पुसून काढला की असं होतं. एकाही खुर्चीच्या हाताला डावं-उजवं नव्हतं. पाठीच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, जिथे शंभर वर्षांत कुणाचा हात जाणार नाही, तिथेही तेवढीच झीज. खाली वाकून पाहिलं तर लाकूड नवं, त्याला काळा रंग दिलेला.

विकणाऱ्याने किंमत सांगितली, माझ्या खुर्चीच्या वीसपट. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. नवी खुर्ची नवी म्हणून विकायला काय हरकत होती? तिला तिचं स्वतःचं म्हातारपण यायचं, ते आधीच हिरावून घेतलं.

१६ मार्च, शनिवार

पाठीचा लाल भुगा थांबवला. याला रेड रॉट म्हणतात. हवेतला गंधक चामड्यात शिरतो, तिथे हळूहळू आम्ल तयार होतं आणि धागे तुटून भुकटी होते. कोळशाच्या शेगड्या आणि गॅसचे दिवे असलेल्या घरांत हे सगळ्यात जास्त. मायकेल फॅरडे लंडनच्या अथेनियम क्लबचा पहिला सचिव होता. त्या क्लबच्या ग्रंथालयात गॅसच्या दिव्यांनी पुस्तकांची चामडी बांधणी खराब होऊ लागली तेव्हा त्याने १८४०च्या दशकात जळलेला वायू नळ्यांतून बाहेर काढायची सोय शोधली. वीज नुकती ज्याच्या हातून माणसाच्या कामाला आली, तो चामड्याची काळजी वाहत होता, हे वाचून बरं वाटलं.

उपाय साधा. अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं सेल्युलोजचं पातळ द्रावण, क्लुसेल-जी, मऊ ब्रशने लावायचं. पाण्याचा थेंब नाही. चामडं ते पितं, आणि भुकटी जागच्या जागी धरली जाते. ताकद परत येत नाही, झडणं थांबतं. तेल, मेण, 'हाइड फूड' यांतलं काही लावायचं नाही असं बाईंनी बजावलं. पूर्वी संग्रहालयंही लोकरीची चरबी आणि मेण घातलेली मलमं लावत. आता ती हात आखडता घेतात, कारण मलम चिकट राहतं, धूळ धरतं आणि काही वर्षांनी चामड्यावर पांढरं फुटतं.

डाव्या हाताच्या टोकाला चामडं फाटून आतले केस दिसत होते. तिथे आतून पातळ चामड्याची पट्टी सरकवली, चिकटवली, कडा रंगाने जुळवल्या नाहीत. जवळून पाहणाऱ्याला ठिगळ दिसेल. दिसू दे.

९ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. सुट्टी घेतली होती. सकाळी गुढी, कडुलिंब मिळाला नाही, आणि दुपारी वर्गाच्या कार्यशाळेत. नवे पट्टे ताणले, जुन्या नऊ स्प्रिंगा सुतळीने बांधल्या, पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे, प्रत्येक गाठ ओढून. वर तरट, त्यावर तोच काथ्या, थोडा नवा मिसळून. मग दोन टोकांच्या दाभणाने कडेचे टाके, एकावर एक ओळ, कड विटेसारखी घट्ट होईपर्यंत. दाभण आत गेलं की बोटांना काथ्याचा कुर्रर्र आवाज जाणवतो. वर धुतलेले घोड्याचे केस, मग मांजरपाट.

फोम घालणं सोपं झालं असतं. पण जुनाच भराव ठेवायला आडकाठी नव्हती. नव्या फर्निचरला आगीचे नियम असतात. १९५०च्या आधीच्या फर्निचरला ते लागू नाहीत. बाई म्हणतात, या एका सवलतीमुळे त्यांचा धंदा अजून टिकून आहे.

बैठकीचं चामडं नवं घ्यावं लागलं. झाडाच्या सालीत कमावलेलं, रंग न दिलेलं, फिकट बदामी. बाकीच्या खुर्चीसमोर ते उघडं दिसतं. त्यावर जुनेपणाचा रंग द्यायला मी नाही म्हटलं. तळाची चौकट झाकायच्या आधी तिच्यावर पेन्सिलने तारीख घातली.

२० एप्रिल, शनिवार

खुर्ची घरी आली. खिडकीपासून जरा आत ठेवली, थेट ऊन येणार नाही अशी.

संध्याकाळी बसले. पाठ टेकली, डोकं ढगावर आलं, आणि हात हातांवर ठेवले. जुळेना. बोटांची टोकं काळ्या जागेच्या दोन अंगुळं मागे आणि वर. आधी वाटलं माझेच हात आखूड. मग लक्षात आलं: स्प्रिंगा नव्याने बांधल्या, काथ्या भरला, बैठक दोन-अडीच इंच वर आली. जो माणूस इतकी वर्षं इथे बसला तो खचलेल्या बैठकीत, खाली बसत होता. त्याचे हात खालून वर येत, आणि बोटं पुढच्या गोलाईला धरत.

यांनाही बसवलं. त्यांचे हात लांब, तरी काळ्यावर पडत नाहीत.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रोज बसा. केस आणि काथ्या दाबला जाऊन बैठक खाली यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. इंचभर तरी येईल.

रात्री जेवल्यावर अर्धा तास पुन्हा बसले. नव्या बैठकीच्या पुढच्या कडेवर, बदामी चामड्यावर, हळदीच्या बोटाचा एक बारीक ठसा उमटलाय. आमटी ढवळून हात पुसायचे राहिले होते. पुसला नाही.